पट्ट्यातली ५ टक्के घट आणि मोकळ्या चक्राचे फेरे

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पाण्यापासून घरगुती वीज करताना पेल्टन चक्र (झोत वाट्यांवर आदळून फिरणारं चक्र) आणि वीज काढण्यासाठी फिरवायची मोटर यांच्यात पट्टा-पुली घाला, असं मी लेखात सुचवलं होतं. हा सल्ला तुम्हाला पटलेला नाही. पट्ट्यात ५ टक्के शक्ती वाया जाते, पेल्टन चक्र मोटरला थेट जोडल्यावर टॅकोमीटरवर (फेरे मोजण्याच्या यंत्रावर) मिनिटाला १५०० च्या वर फेरे दिसले, कमी पडलेच तर व्हॉल्व्ह आणखी उघडता येतो, आणि मोटरच्या पाटीवर १४४० असताना मी १५६० कुठून आणले, असे तुमचे मुद्दे आहेत. पाण्याची उंची २० मीटर आणि वाट्यांच्या मध्यावर चक्राचा व्यास २० सेंटीमीटर, ही मापं दिलीत ते फार बरं झालं. हिशेबच करून पाहू.

२० मीटरवरून आलेल्या पाण्याचा झोत सेकंदाला साधारण १९ मीटर वेगाने सुटतो. वाटीने त्याच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाने, म्हणजे सेकंदाला ९ मीटरने पळावं, तेव्हा ती पाण्यातली सगळ्यात जास्त शक्ती काढून घेते. तुमच्या चक्राला त्यासाठी मिनिटाला ८६० च्या आसपास फेरे हवेत. मग १५०० कसे दिसले? टॅकोमीटर बरोबरच होतं, पण तेव्हा मोटरवर लोड, म्हणजे वीज खाणारं काही, नव्हता. लोड नसलेलं पेल्टन चक्र योग्य वेगाच्या पावणेदोन-दोन पट पळतं. तुम्ही मोजलात तो हा मोकळा वेग, आणि त्या वेगाला चक्र जवळजवळ काहीच शक्ती देत नाही.

हे डोळ्यांनीही दिसतं. झाकणाच्या फटीतून पाहा. वेग जुळलेला असेल तर पाणी वाटीतून बाजूला निघून मेल्यासारखं खाली पडतं. चक्र फार जोरात असेल तर तेच पाणी त्याच्याबरोबर पुढे फेकलं जातं, म्हणजे अंगातली शक्ती घेऊनच निघून जातं.

थेट जोडणी ठेवून १५६० फेरे धरले तर वाटी सेकंदाला १६ मीटरच्या वर पळते, आणि मिळू शकणाऱ्या शक्तीच्या जेमतेम निम्मी हाती लागते, तीही कागदावर. पट्ट्यातले ५ टक्के वाचवायला निम्मी शक्ती घालवायची, हे मला अजिबात मान्य नाही. नोझलचा (झोत सोडणाऱ्या तोटीचा) व्हॉल्व्ह उघडून जोर वाढतो, झोताचा वेग उंचीने ठरलेल्या १९ मीटरच्या वर जात नाही. उलट पाइपमध्ये जास्त पाणी धावलं की घर्षण वाढतं आणि झोत थोडा मंदावतोच.

आता १५६०. पाटीवरचे १४४० हे मोटर म्हणून फिरतानाचे फेरे. चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झला १५०० ने फिरतं, मोटर त्याच्या ६० मागे राहते. तिच्याकडून वीज काढायची तर पूर्ण लोडला तिला साधारण तेवढंच पुढे पळवावं लागतं. कपॅसिटर लावून एकटी, म्हणजे सरकारी विजेच्या लाइनला न जोडता, चालवलीत आणि १४४० वरच ठेवलीत, तर ४६ हर्ट्झच्या आसपास वीज मिळेल. म्हणून ८६० वरून १५६०, म्हणजे पुलीचं प्रमाण १.८.

उंची पुरेशी असेल तिथे थेट जोडणीच उत्तम, हे मी लेखात लिहायला हवं होतं. चक्र अकरा सेंटीमीटरचं केलं तर तुमच्याकडेही वेग जुळेल. पण झोताची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाएवढी धरली, तर एका नोझलचं पाणी सेकंदाला ६ लिटरवरून सुमारे २ लिटरवर येईल. पाणी तेवढंच असेल तर खुशाल करा.

पट्ट्याच्या ओढीने बेअरिंग लवकर जातं, हे कुणी म्हटलं तर खरं आहे. पुली बेअरिंगला शक्य तितकी चिकटून बसवा. त्याहून महत्त्वाचं, पट्ट्यासह लोड अचानक सुटला तर मोटर २७०० ते ३१०० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकते. लोड कंट्रोलर (मोटरवरचा लोड कायम सारखा ठेवणारं यंत्र) आणि जादा वीज जिरवणारं हीटर बसवल्याशिवाय तिला एकटी सोडू नका.

आता पूर्ण लोड लावून फेरे आणि व्होल्टेज मोजा, नोझलचा व्यासही कळवा. पुलींची मापं मी काढून देतो.