कोटणीस डॉक्टरांच्या फिटबद्दल कुणी बोलेल का?

आपल्या सोलापुरात भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरात त्यांचं स्मारक आहे. माझी स्कूटर त्या चौकातून रोज जाते, पण आत पाऊल पडलं ते गेल्या रविवारी, पुण्याहून भाचा आला म्हणून. गावातलं काही बघायचं तर आपल्याला पाहुणा लागतो. एक शेंगाचटणीचं दुकान तेवढं आपण आपणहून गाठतो.

गोष्ट तशी तुम्हाला ठाऊक आहे. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसनं १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस, वय २८ सुद्धा पुरतं झालेलं नव्हतं. चौघे परतले, हे राहिले. तिथली भाषा शिकले, जखमी सैनिकांवर ऑपरेशनं केली, कॅनडाहून चीनमध्ये सेवेला आलेल्या डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले. १९४० च्या लढाईत सलग ७२ तास न झोपता ऑपरेशनं केली असं सांगतात. ९ डिसेंबर १९४२ ला गेले. वय ३२.

कशानं गेले? आपल्याकडं भाषणात ठरलेलं वाक्य असतं, ‘अतिश्रमानं देह ठेवला.’ श्रम होतेच. पण ते फिट येऊन गेले. अपस्मार. आपल्या भाषेत आकडी. हा शब्द उच्चारताना भल्याभल्यांचा आवाज खाली जातो.

माझं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून हे जास्त टोचतं. फिटच्या माणसाला जागरण वाईट, हे काउंटरवर मी रोज सांगतो. इथं तर तीन-तीन दिवस झोप नाही. आणखी एक गंमत बघा, गंमत कसली म्हणा. डॉक्टर बोटीत बसले त्याच १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनम या दोघांनी दाखवून दिलं, की फेनिटॉइननं फिट आटोक्यात येते. ती गोळी आज माझ्या कपाटात डाव्या हाताला असते. स्वस्त आहे. तरी लोक मध्येच बंद करतात, कारण पोरीला ‘बघायला’ येणार असतात. अचानक बंद केली की फिट उलट जोरात येते. मग कांदा हुंगव, चप्पल हुंगव.

भाच्यानं विचारलं, “मामा, फिट येणारा माणूस सर्जन?” मी म्हटलं, “बघ की, तुझ्यासमोर फोटो आहे.”

भारत-चीन मैत्रीचे हार त्यांना खूप घालून झाले. माझं म्हणणं एवढंच, शाळेच्या सहली तिथं नेता तेव्हा पोरांना आजाराचं नावही सांगा. मोठ्यानं.

सोमवारी एक बाई आल्या, नेहमीच्या. मुलीच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरून नेतात, नाव कुणाला दिसू नये म्हणून. हे बरोबर नाही, असं दर वेळी सांगतो, त्या ऐकत नाहीत. त्या दिवशी त्यांना कोटणीसांचं सांगितलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं,

“त्यांचं लग्न झालं होतं का हो?”

म्हटलं, “झालं होतं की. १९४१ ला, तिथल्याच नर्सशी. मुलगाही झाला.”

बाई काउंटरला हात टेकून जरा उभ्या राहिल्या. मग पर्समधून डबी काढून पुढं केली.