राज्यांचे हक्क? मग १८५०चा कायदा कुणाचा?
लेख आवडला, पण अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं मूळ ‘राज्यांचे हक्क’ आणि जकातीत होतं, हे मला अजिबात पटलं नाही. १८५०चा कायदा आठवा, पळून उत्तरेत गेलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवायला लावणारा. तो दक्षिणेच्याच आग्रहाने झाला आणि त्याने उत्तरेतल्या राज्यांचे हक्क सरळ धाब्यावर बसवले. पकडलेल्या माणसाला मालकाच्या हवाली केलं तर निवाडा करणाऱ्या केंद्र सरकारच्या कमिशनरला १० डॉलर, सोडून दिलं तर ५! १८५४ साली बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामाला परत पाठवायला सैनिकांच्या गराड्यात बंदरावर नेलं, तेव्हा लोकांनी इमारतींवर काळी कापडं लावली, भर रस्त्यावर शवपेटी टांगली. गुलामगिरी म्हणजे दक्षिणेतली भानगड, असं म्हणणाऱ्यांच्या दारातच ती येऊन उभी राहिली. (माझ्या मते देश दुभंगला तो तिथेच, युद्धाच्या पहिल्या तोफा सम्टर किल्ल्यावर डागल्या गेल्या त्या जवळपास सात वर्षांनी.) आणि देशातून फुटून निघताना दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने तर जाहीरनाम्यातच लिहिलं की आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. जे त्यांनी लपवलं नाही, ते आपण कशाला झाकायचं? तेव्हा जवळपास ४० लाख माणसं गुलामीत होती. लेखात त्यांच्यासाठी एक परिच्छेद तरी हवा होता.