ओटा ग्रॅनाइटचा, पाय बर्फाचे

ग्वाल्हेरचा जानेवारी म्हणजे पारा तीन-चारावर आणि धुकं दुपारपर्यंत महाराज बाड्यावर ठाण मांडून. नेमक्या त्याच मुहूर्तावर लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या घरचं स्वयंपाकघर नवं झालं. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, आरशासारख्या टाइल्स. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी टाइलवर पाय टेकला आणि "अगं बाई!" करून उचलला.

"आई, टाइल पाटापेक्षा गार नसते, ती फक्त तळपायाची ऊब भराभर ओढून घेते," ह्यांनी समजावलं.

"ओढते कशाला मेली?"

सासूबाईंचा कौल सिगडीला होता. पण बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास. "मग कळायचं कसं?" "कळत नाही, तीच तर भीती आहे!" सिगडी अंगणात गेली.

मग आम्ही नया बाजारात. दुकानदार प्रत्येक हीटरवर हात ठेवून तेच सांगे, "मॅडम, ये वाला बिजली कम खाता है." ह्यांना चेवच आला. एक युनिट जाळलं की ऊब एका युनिटाचीच, डबा कुठलाही असो! क्वार्ट्झ समोरच्या माणसाला शेकतो, ब्लोअर हवा तापवतो, तेलाचा सावकाश तापून सावकाश निवतो. एका युनिटात तिप्पट ऊब देतो तो फक्त गरम-थंड एसी. पण त्याची किंमत ऐकून आम्हाला दुकानातच घाम फुटला, तेवढीच फुकटची ऊब.

ब्लोअर घेतला, २००० वॉटचा. तासाला दोन युनिट. त्याला १६ अँपियरचा प्लग लागतो आणि तो आमच्याकडे फ्रिजच्या मागे! फ्रिज सरकवून ब्लोअर लावला, पण तासाभरानेही मी शाल घेऊनच पोळ्या लाटत होते.

ह्यांनी वर बघितलं. ओट्यावरची धूर ओढणारी चिमणी! तिच्या खोक्यावर मोठ्या अभिमानाने छापलं होतं: ताशी १२०० घनमीटर हवा. आमचं दहा बाय आठचं स्वयंपाकघर, उंची दहा फूट, म्हणजे जेमतेम २३ घनमीटर. फुल स्पीडवर, निदान कागदोपत्री, तासाला पन्नासेक वेळा घरची हवा बाहेर. विकत घेतलेली ऊब आम्ही शेजारच्या गच्चीवर पाठवत होतो, आणि दाराखालून तेवढंच ताजं धुकं आत येत होतं. चिमणी बंद करावी तर मिरचीच्या फोडणीने सगळं घर खोकतं.

शेवटी ब्लोअर बदलून ८०० वॉटचा क्वार्ट्झ आणला. माणूसच शेकायचा तर हवेचे लाड कशाला? ओट्यापाशी जाड सतरंजी, दाराखाली जुन्या पातळाची गुंडाळी. पोटऱ्या झकास शेकतात. नाक मात्र अजून ग्वाल्हेरातच असतं.

तोवर सासूबाईंना शोध लागला की थंडीत रुसलेलं दही हीटरपासून हातभर अंतरावर छान लागतं. आता ती जागा पातेल्याची. मी भाजी निवडायला बाजूला बसते, दह्याला धक्का न लावण्याच्या अटीवर.