खुलासा : बोस्टनच्या त्या चित्रात स्ट्राउस नाही

‘बोस्टनचं दगडी कोलिझियम, १८६९, योहान स्ट्राउस वीस हजार गायकांसह’ अशा ओळींनिशी एक जुनं स्मरणचित्र फिरतंय. (कोलिझियम म्हणजे भव्य सभागृह, आणि स्ट्राउस म्हणजे व्हिएन्नाचा प्रसिद्ध वॉल्ट्झ-संगीतकार.) बोस्टनमधल्याच दोन वेगळ्या संगीत-सोहळ्यांची यात सरमिसळ झाली आहे. १८६९चा सोहळा अमेरिकी यादवी युद्ध संपल्याचा. त्यात गायक सुमारे दहा हजार, आणि शंभर अग्निशामक जवान चक्क ऐरणींवर हातोडे आपटत ताल धरत होते! (ती मौज मथळ्यात नाही, याचंच नवल.) स्ट्राउस आला १८७२ साली, फ्रान्स-प्रशिया युद्धानंतरच्या जागतिक शांती महोत्सवाला. वीस हजारांचा आकडाही तेव्हाचाच. दोन्ही सोहळे बँडप्रमुख पॅट्रिक गिलमोर यांनीच भरवले, घोळ बहुधा तिथूनच झाला. आणि ‘दगडी’? छे, सभागृह लाकडी आणि तात्पुरतं होतं, नंतर पाडलं.