सुधारणा योजना यशस्वी करा, शिक्षक सुधारोत वा न सुधारोत

अमेरिकेतल्या एखाद्या सरकारी शाळेत तुम्ही नुकतेच मुख्याध्यापक झाला असाल आणि सातवीच्या गणिताच्या बाईंना वर्ग आवरत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. लक्षात तसं सगळ्यांच्याच येतं, कागदावर मात्र येत नाही. २००९ साली चार राज्यांतल्या बारा शालेय जिल्ह्यांची (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांची) शिक्षक-मूल्यमापनं तपासली गेली. जिथे 'समाधानकारक' की 'असमाधानकारक' एवढंच लिहायचं होतं, तिथे दुसरा शेरा मिळालेले शिक्षक शंभरात एकही भरले नाहीत. मग बराच गाजावाजा झाला, राज्याराज्यांत कायदे बदलले, चार-चार पाच-पाच श्रेणींचे नवे तक्ते आले. मॅथ्यू क्राफ्ट आणि ॲलिसन गिलमोर या संशोधकांनी २०१७ मध्ये २४ राज्यांचे आकडे पुन्हा मांडले, तेव्हा बहुतेक राज्यांत सर्वांत खालच्या श्रेणीतले शिक्षक पुन्हा एक टक्क्याच्या आतच निघाले.

याच दोघांनी एका शहरी जिल्ह्यातल्या मूल्यमापन करणाऱ्यांना विचारलं की तुमच्या मते खरोखर किती जण कमी पडतात. उत्तर आलं ते त्यांनी स्वतःच कागदावर दाखवलेल्या संख्येच्या तिपटीहून जास्त. मग खरं का लिहिलं नाही? खालची श्रेणी दिली की त्या शिक्षकासाठी सुधारणा योजना आखावी लागते, योजना आखली की वेळ जातो. समोरच्याला तोंडावर सांगणं जिवावर येतं. आणि एवढं करून बाई गेल्याच, तर त्यांच्या जागी येणारी व्यक्ती याहून बरी असेल याची कोणी हमी देत नाही. मला तरी ही कारणं अगदी माणसाला शोभणारी वाटतात. तेव्हा जमल्यास तुम्हीही त्या वर्गावरून जरा भरभर चालत जा.

जमत नसेल, म्हणजे पालकांच्या तक्रारी तुम्हाला वगळून थेट जिल्हा कार्यालयात पोचू लागल्या असतील, तर मात्र योजना करावीच लागेल. घाबरू नका. योजनेला यशस्वी व्हायचं असतं, बाईंना नव्हे. हे दोन्ही वेगळे ठेवता आले की निम्मं काम झालं.

लिहायला बसण्याआधी तुम्ही वर्गात काय पाहिलं ते आठवा. मुलं आत येतात आणि पहिली दहा मिनिटं कोण कुठे बसणार यातच जातात. बाई प्रश्न विचारतात आणि कोणी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकतात. एखाद्याने चुकीचं उत्तर दिलंच, तर "नाही" म्हणून पुढच्याकडे वळतात. तो असं का म्हणाला हे कोणाला कधी कळत नाही, त्यालाही नाही. आठवलं? आता यातलं एक अक्षरही योजनेत येऊ देऊ नका. असं लिहिलंत तर बाईंना समजेल, आणि समजलं तर त्या उद्यापासून काहीतरी करायला लागतील. मग योजनेचे उरलेले महिने तुम्ही काय करणार?

त्याऐवजी लिहा: 'शिक्षिका विद्यार्थ्यांच्या सक्रिय सहभागास पोषक असे अध्ययन-वातावरण सातत्याने निर्माण करतील.' यातला 'सातत्याने' अजिबात गाळू नका. अख्खी इमारत त्या एका शब्दावर उभी आहे. बाई सुधारल्या असं तुम्हाला ठरवायचं असेल तर सातत्य दिसलं, आणि नाही असं ठरवायचं असेल तर सातत्य दिसलं नाही.

उद्दिष्टं भरपूर घ्या. शार्लट डॅनियलसन यांची अध्यापनाची चौकट, म्हणजे शिकवणं कशाकशावर तपासायचं याची यादी, पुष्कळ जिल्ह्यांत वापरली जाते. तिच्यात ४ क्षेत्रं आणि २२ घटक आहेत. बाईंची अडचण त्यातल्या फार तर दोन घटकांत असेल, तुम्ही किमान नऊ निवडा. दोनच निवडलेत तर दोन्ही सुधारण्याचा धोका असतो. खुद्द डॅनियलसनबाईंनीच २०१६ मध्ये जाहीर लेख लिहून शिक्षकांच्या मूल्यमापनाचं जे काही चाललं आहे त्यावर नाराजी व्यक्त केली होती. पण त्यांची चौकट आपल्याकडे छापून तयार आहे, नाराजी छापलेली नाही.

आता कायद्याचं. कायदा मधूनच शहाण्यासारखं बोलतो, त्याकडे लक्ष ठेवावं लागतं. इलिनॉयचंच घ्या. तिथे कायम झालेल्या शिक्षकाला 'असमाधानकारक' श्रेणी मिळाली की शाळेच्या ९० दिवसांची सुधारणा योजना लागते, आणि तिच्यात एक सल्लागार शिक्षक असावा लागतो: पाच वर्षं तरी शिकवलेला, स्वतः उत्तम श्रेणीचा, आणि त्या शिक्षकाच्या कामाची माहिती असलेला. ऐकायला हे भलतंच चांगलं आहे, नाही? पण काळजी नको. श्रेणी शेवटी मूल्यमापन करणारा, म्हणजे तुम्हीच, देणार. सल्लागाराने मदत करायची, निकाल तुम्ही लावायचा, आणि बाईंनी दोघांसमोर सारख्याच मोकळेपणाने आपल्या चुका मांडायच्या. ज्याच्या हाती आपली नोकरी आहे त्याला माणूस आपल्या अडचणी किती खुलेपणाने सांगतो, हे तुम्ही स्वतः तुमच्या शालेय जिल्ह्याच्या अधीक्षकांपुढे कधीतरी करून पाहा. आधी नव्हे, माझं ऐकून झाल्यावर.

सल्लागार निवडताना मात्र खरी सावधगिरी हवी, कारण योजना हाताबाहेर जाऊन यशस्वी होण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त. बाईंच्या समोरच्याच वर्गात एक अनुभवी सर असतात. त्यांच्या वर्गात मुलं शिरतात तेव्हा फळ्यावर पाच गणितं आधीच लिहिलेली असतात. घंटा व्हायच्या आत निम्मी मुलं लिहू लागलेली असतात, म्हणून दहा मिनिटं वाया जात नाहीत. प्रश्न विचारल्यावर ते गप्प उभे राहतात. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलू लागतात, हे संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिलं होतं. सरांनी ते संशोधन वाचलेलं नसेल, पण त्यांना ते येतं. बाई आठवड्यातून दोनदा त्या वर्गात मागे बसल्या आणि सर एकदा बाईंच्या वर्गात बसले, तर काय होईल सांगता येत नाही. म्हणजे, दुर्दैवाने, सांगता येतं. टेनेसीत १४ शाळांमध्ये असा प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या शाळांत ज्या विशिष्ट कौशल्यात एक शिक्षक कमी पडतो त्याच कौशल्यात पक्क्या असलेल्या त्याच शाळेतल्या सहकाऱ्याशी त्याची जोडी लावून दिली. कच्च्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचे गुण वाढले, आणि प्रयोगाचं वर्ष संपल्यावरही ती वाढ विरली नाही. वर खर्च म्हणावा असा जवळजवळ नव्हताच. एवढ्या स्वस्तातल्या उपायाला अंदाजपत्रकात कोणत्या रकान्यात दाखवणार?

म्हणून समोरच्या सरांना त्याच तासाला भोजनगृहावर देखरेखीची ड्यूटी लावा. सल्लागार शक्यतो दुसऱ्या शाळेतला, दुसऱ्या विषयाचा आणि महिन्यातून एकदा मोकळा असणारा घ्या.

बाईंना प्रशिक्षणाला मात्र अवश्य पाठवा. २०१५ साली तीन मोठ्या जिल्ह्यांचा हिशेब मांडला गेला, तर शिक्षकांच्या विकासावर दर शिक्षकामागे वर्षाला सुमारे १८,००० डॉलर खर्च होत होते. दोन-तीन वर्षांत ठळक सुधारले ते दहातले तीन. बरं, त्या तिघांनी काय वेगळं केलं ते पाहू म्हटलं, तर सुधारलेले आणि न सुधारलेले यांच्या प्रशिक्षणात सांगण्यासारखा फरकच सापडला नाही. मला विचाराल तर यात मोठा दिलासा आहे: कोणतंही शिबिर निवडा, चूक होऊच शकत नाही. हजेरीचा दाखला फायलीला लावा.

कोणी चहाटळ माणूस म्हणेल, एकाला एक मार्गदर्शक दिला तर गुण येतो असंही संशोधन आहे. आहे. क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ६० अभ्यासांची गोळाबेरीज केली. वर्गातल्या शिकवण्यात चांगला फरक दिसला, मुलांच्या गुणांतही थोडा. फक्त कार्यक्रम मोठा होत गेला तसा परिणाम आटत गेला. हे नीट लक्षात ठेवा, कारण जिल्हा कार्यालय प्रत्येक कार्यक्रम मोठाच करतं.

मोठेपणाचं आणखी एक उदाहरण अधूनमधून बैठकीत पेरावं. २००९ च्या सुमारास गेट्स फाउंडेशनच्या पुढाकाराने तीन जिल्हे आणि चार चार्टर शाळासमूहांत (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांच्या समूहांत) शिक्षकांचं बारकाईने मूल्यमापन करून त्यांना सुधारण्याचा उपक्रम सुरू झाला. सगळे मिळून ५७.५ कोटी डॉलर गेले. रँड या संशोधन संस्थेचा २०१८ मधला निष्कर्ष असा की विद्यार्थ्यांच्या निकालांवर अपेक्षित परिणाम झाला नाही. पुढे देशभरच्या मूल्यमापन सुधारणांचा एकत्र हिशेब झाला, तोही सरासरी शून्याच्या आसपासच आला. तुमची एकट्याची योजना फसली तर तुम्ही फार प्रतिष्ठित संगतीत असाल.

आता एक अडचणीचा दाखला, जो तुमच्या विरोधात कोणी ना कोणी काढेलच: वॉशिंग्टन डी.सी. तिथे २००९ मध्ये, सरकारी शाळांच्या प्रमुख मिशेल री यांच्या काळात, मूल्यमापनाची नवी पद्धत आली. लागोपाठ दोन वर्षं शेवटून दुसरी श्रेणी मिळाली तरी नोकरी जायची. टॉमस डी आणि जेम्स वायकॉफ या संशोधकांनी पाहिलं, तर या धमकीच्या रेषेच्या जरा खाली असलेले बरेच शिक्षक स्वतःहून निघून गेले, आणि जे राहिले ते खरंच सुधारले. म्हणजे धाक चालतो, असं तुमचे अधीक्षक टेबलावर हात आपटून म्हणतील. त्यांना हो म्हणा. तिथे वर्षाला पाच निरीक्षणं होत आणि त्यातली दोन शाळेबाहेरचे, विषय जाणणारे, प्रशिक्षित निरीक्षक करत, याची आठवण काढू नका. चांगल्यांना २५,००० डॉलरपर्यंत बोनस होता, याची तर मुळीच काढू नका. आणि गेलेल्यांच्या जागा भरायला त्या शहरात माणसं मिळत होती. तुमच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जाहिरात गेल्या वेळी किती महिने लटकली होती, ते तुम्हाला माहीत आहे. अधीक्षकांना धाक हवा आहे, तो फुकट मिळतो. तेवढाच घ्या.

मधलं मूल्यमापन एखाद्या शुक्रवारी शेवटच्या तासाला करा. आधी कळवा, म्हणजे पाठ छान होईल. किंवा कळवू नका, म्हणजे होणार नाही. कोणता निकाल हवा ते आदल्या दिवशी ठरवलेलं असलं की झालं. पाठानंतरच्या चर्चेत सुरुवात आणि शेवट कौतुकाने करा, मधला मजकूर पुटपुटा. बाईंनी विचारलं की "नेमकं मी काय वेगळं करू?", तर घड्याळाकडे पाहा. हा प्रश्न या सगळ्या प्रकारात पहिल्यांदाच कोणी विचारलेला असेल आणि त्याला फायलीत रकाना नाही.

नव्वदाव्या दिवशी तीनच वाटा असतात. बाईंनी राजीनामा दिला, तर योजना यशस्वी: दर्जाशी तडजोड झाली नाही. बाई टिकल्या, तरी योजना यशस्वी: सातत्य दिसलं. बडतर्फीची वाट आहे खरी, पण तिच्यात सुनावणी, वकील, संघटना आणि तुमची नऊ उद्दिष्टं उलटतपासणीत मोठ्याने वाचली जाणं एवढं सगळं येतं. त्यापेक्षा जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाळेत बदली सुचवा. शिफारसपत्रात 'उत्साही', 'मनमिळाऊ' आणि 'सूचनांचं स्वागत करणाऱ्या' एवढं लिहा. तिन्ही खरंच आहे.

आणि ऑगस्टमध्ये त्या रिकाम्या जागेवर बदलून कोणीतरी येईल, तेव्हा त्यांचं शिफारसपत्र उघडण्याआधी योजनेचा एक कोरा नमुना छापून ठेवा. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही सल्ले देणारं कोणी असतंच.