‘एडिटमध्ये बघू’ म्हणणाऱ्या दिग्दर्शकांसाठी काही मोलाचे सल्ले

परवा आम्हा एडिटरच्या टेबलावर एका गाण्याच्या व्हिडिओचं फुटेज आलं, सेटवर ‘एडिटमध्ये बघू’ म्हणत शूट केलेलं. गाणं चार मिनिटांचं, फुटेज नऊ तासांचं, आणि ओठ गाण्याला जुळतात असे शॉट मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली. एवढी अवघड कला मोजक्याच लोकांकडे राहू नये, म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट, शूटच्या आधी गाणं ऐकू नका. ऐकलं की शब्द कळतात, अंतऱ्याला वाद्यं कमी होतात हेही कळतं, आणि मग कल्पनेच्या भरारीला अडथळा येतो. त्यापेक्षा मूडबोर्ड करा. इतरांच्या व्हिडिओंतले तीस स्क्रीनशॉट पुरेत: निऑन, ओला रस्ता, पाठमोरी मुलगी. गाणं दुःखाचं असेल तर निळा रंग, प्रेमाचं असेल तर गुलाबी, काहीच कळलं नसेल तर जांभळा.

धूर सोडा. का, ते विचारू नका. मात्र दर शॉटला कमीजास्त सोडा, म्हणजे एका कटला दाट धुकं आणि पुढच्याच कटला लख्ख खोली असा चमत्कार घडेल.

सिंगल टेक, म्हणजे मध्ये कट न करता सलग शूट, तर कराच, फक्त तालीम करू नका. ‘ओके गो’ या बँडने 2006 साली आठ ट्रेडमिलवर नाचत अख्खा व्हिडिओ एका टेकमध्ये केला. त्यांना सतरा टेक लागले, तालीम वेगळीच. तुम्ही दुसऱ्या टेकला ‘ओके’ म्हणा. मग कॅमेरा तीनदा कुणाच्या तरी पाठीवर नेऊन अंधार करा आणि कट तिथे लपवा.

शटरला, म्हणजे प्रत्येक चित्रावर किती वेळ उजेड पडू द्यायचा त्या सेटिंगला, हात लावू नका. 50 हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, त्यामुळे सेकंदाला 24 फ्रेम्स, म्हणजे 24 चित्रं, घेताना शटर नेहमीच्या 180 ऐवजी 172.8 अंशांवर, म्हणजे 1/50 सेकंदावर ठेवलं की फ्लिकर, म्हणजे पडद्यावरची लुकलुक, टळतो. पण फ्लिकरलाही स्वतःचं सौंदर्य असतंच की.

आता खरा मुद्दा. स्लो मोशन. सगळं स्लो मोशनमध्ये घ्या, गाणारा गात असताना तर नक्कीच, आणि सेटवर गाणं वाजवा नेहमीच्याच वेगात. कुणी कटकट्या म्हणेल की व्हिडिओ 25 फ्रेम्सचा असेल आणि शूट 50 वर केलं, तर पडद्यावर सगळं दुप्पट वेळ घेणार, म्हणून सेटवर गाणंही दुप्पट वेगाने लावायला हवं. नाहीतर दोन सेकंदांची ओळ ओठांवर चार सेकंद रेंगाळते, म्हणजे वरातीमागून घोडं. दुप्पट वेगात आवाज चिरका होतो, होऊ दे की! तो कुणाला ऐकवायचाय? आपल्याला ओठ हवेत. शब्द दाट असतील आणि दुप्पट वेगात जीभ अडखळत असेल, तर 24 फ्रेम्सच्या व्हिडिओसाठी 36 फ्रेम्स घ्या आणि गाणं दीडपट वेगाने लावा. चाल तरंगती दिसते, गाणाराही पुरा पडतो. यासाठी करायचं काय? गाण्याच्या दोन जादा फाइल्स, एक दीडपट, एक दुप्पट. प्रत्येकीच्या आधी टिक-टिक असे चार ठोके, म्हणजे सुरुवात चुकत नाही. शॉटआधी कॅमेऱ्यासमोर धरतात त्या पाटीवर फ्रेम्स आणि गाण्याचा वेग लिहायचा. बरेच कॅमेरे हाय स्पीडला आवाज घेतच नाहीत, म्हणून टॅबवर गाण्याचा टाइमकोड, म्हणजे गाणं कुठवर आलंय ते दाखवणारं घड्याळ, चालू ठेवायचा आणि शॉटच्या सुरुवातीला तो टॅब लेन्ससमोर धरायचा. दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटं! एका खिडकीच्या लायटिंगला तीन तास घेता, गायिकेच्या केसांत पंख्याचा वारा कुठल्या बाजूने यावा यावर अर्धा तास वाद घालता, आणि ही दहा मिनिटं नाहीत तुमच्याकडे? 2002 साली दिग्दर्शक जेमी थ्रेव्ह्जने ‘कोल्डप्ले’च्या ‘द सायंटिस्ट’चा व्हिडिओ उलटा चालवला, तरी त्यात ओठ सुलट जुळतात, कारण गायकाने अख्खं गाणं उलटं पाठ केलं होतं. तिकडे माणूस गाणं उलटं पाठ करतो आणि इकडे दुप्पट वेगाची एक एमपीथ्री निघत नाही!

असो. सल्ले द्यायला बसलोय.

ड्रोन शॉटला स्पीकर कॅमेरा युनिटपाशीच ठेवा. गायक 34 मीटरवर असेल तर त्याला गाणं 0.1 सेकंद उशिरा ऐकू येतं, म्हणजे अडीच फ्रेम्स. त्याच्या पायाशी छोटा स्पीकर लपवणं फार सोपं, म्हणून टाळावं.

एक कॅमेरा 24 फ्रेम्सवर, दुसरा 23.976 वर लावा. सगळं एडिटच्या एकाच टाइमलाइनवर आलं की चार मिनिटांच्या टेकअखेर ओठ सहा फ्रेम्स घसरतात.

स्ट्रोब, म्हणजे झपझप लुकलुकणारे दिवे, जरूर. रोलिंग शटरमुळे, म्हणजे कॅमेरा फ्रेम ओळीओळीने टिपतो त्यामुळे, अर्धी फ्रेम उजेडात, अर्धी काळोखात येते. त्याला ‘ग्लिच’ म्हणायचं.

पुरे झालं. ‘एडिटमध्ये बघू’ म्हणजे काय, ते टेबलावर येऊन बघा एकदा. एडिटमध्ये ओठ तयार होत नाहीत. जुळत नसतील तर हातात तीनच गोष्टी उरतात: पाठमोरा शॉट, गिटारवरची बोटं आणि तुमचा तो धूर. मग व्हिडिओ बाहेर आला की लोक म्हणतात, काय स्टाइल आहे! आणि तुम्ही मान डोलावता. दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने 2002 साली ‘केमिकल ब्रदर्स’च्या ‘स्टार गिटार’च्या व्हिडिओत आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी एकेक वस्तू ठोक्यावर आणली, त्याआधी टेबलावर संत्री आणि पुस्तकं मांडून ताल जमवून पाहिला होता. संत्री मांडायला बजेट लागत नाही हो, गाणं ऐकावं लागतं!

तेव्हा पुढच्या शूटला त्या दोन फाइल्स करून न्या. आणि सेटवर वाजवणार ते गाण्याचं मिक्स अंतिमच आहे ना, हे आधी संगीतकाराला फोन करून विचारा. मधल्या म्युझिकचे चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, त्याने उडवलेत, हे दरवेळी आम्हालाच आधी कळतं.