हार्ड डिस्क टकटक करतेय? मग तो फॉरवर्ड आलेला मेसेज आधी बाजूला ठेवा

तो मेसेज परत फिरायला लागलाय. "डिस्क स्लो झाली किंवा आवाज करायला लागली तर घाबरू नका, स्मार्ट स्टेटस ओके असेल तर डिस्क ठणठणीत, तरी त्रास झाला तर चेकडिस्क मारा, नाही जमलं तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, आणि शेवटचा उपाय फॉरमॅट, डिस्क नव्यासारखी." चार सल्ले आहेत आणि चारही डेटा घालवणारे.

आधी ते 'ओके'. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. गूगलने 2007 मध्ये स्वतःच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात मेलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दिसली नव्हती. पण खूण दिसली तर मात्र ती खरी धरायची, पहिली स्कॅन एरर आली की पुढच्या 60 दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता 39 पट निघाली. म्हणून हिरवा शिक्का सोडा आणि आतले आकडे बघा: 5 नंबर म्हणजे रीअलोकेटेड सेक्टर (डिस्कचे खराब झालेले छोटे तुकडे, ज्यांच्या जागी राखीव तुकडे वापरलेत), 197 पेंडिंग (वाचताना अडलेले, निर्णय बाकी), 198 अनकरेक्टेबल (वाचताच न आलेले). रॉ व्हॅल्यू, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला आकडा, शून्य असली तर बरं, आज 8 आणि चार दिवसांनी 40 दिसले तर नवीन डिस्क आणायला निघा. (फक्त 199, म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर बहुतेक वेळा केबलचा घोळ असतो, ती बदलून बघा.)

चेकडिस्कची (विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन) चूक मी स्वतः केलीय. ते फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची यादी, जुळवतं, तुमच्या फायली वाचवणं हे त्याचं कामच नाही, आणि त्याला स्लॅश आर (/r) हा पर्याय लावला की अख्खी डिस्क वाचत बसतं, म्हणजे जिचा दम संपत आलाय तिलाच तासन् तास पळवायचं. मला शेवटी एका फोल्डरमध्ये सीएचकेच्या (चेकडिस्कने गोळा केलेले सुटे तुकडे) शेकडो फायली मिळाल्या, नावं गायब, निम्म्या उघडल्याच नाहीत. तेवढ्या वेळात कॉपी केली असती तर बरंच वाचलं असतं हे नंतर सुचलं.

मग करायचं काय? आवाज नाही, नुसती स्लो आहे किंवा एरर देतेय, तर जे परत मिळणार नाही ते आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि मग डीडीरेस्क्यूने (बिघडत्या डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्रॅम) क्लोन करा, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब कॉपी, मॅप फाइल (कुठवर कॉपी झाली याची नोंद) द्यायला विसरू नका, ते सोपा भाग आधी उचलतं आणि अडलेला मागे ठेवतं. रिपेअर जे काय करायचं ते क्लोनवर. टकटक येत असेल तर मात्र बहुतेक वेळा हेडला, म्हणजे डेटा वाचणाऱ्या टोकाला, जागा सापडत नाहीये, लगेच बंद करा, डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे द्या, "एकदाच चालू करून बघतो" हे नको.

फ्रीझर? जुन्या काळी हेड प्लॅटरवरच, म्हणजे आतल्या फिरत्या तबकडीवरच, टेकायचे आणि कधी कधी चिकटायचे, ही युक्ती त्या जमान्यातली. आता हेड बाजूच्या रॅम्पवर पार्क होतात आणि चालताना प्लॅटरपासून मोजक्या नॅनोमीटरवर तरंगतात, त्यात थंड डिस्क बाहेर काढल्यावर आत दव धरलं तर काय होईल तुम्हीच बघा.

एसएसडीवाल्यांनी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) आवाजाची वाटच बघू नये, ती बहुतेक वेळा गुपचूप जाते.

राहिलं फॉरमॅट. यात फसायला होतं कारण थोडं खरं वाटतं. फुल फॉरमॅटमध्ये विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं, त्यामुळे पेंडिंग सेक्टर एकतर परत लिहिले जातात नाहीतर स्पेअर सेक्टर त्यांची जागा घेतात, 197 चा आकडा शून्यावर येतो आणि माणूस म्हणतो बघा, नवी झाली. प्लॅटर तोच, हेड तेच, फक्त तक्रारीची वही कोरी केली. अशी डिस्क ठेवायचीच असेल तर गेलं तरी चालेल असलंच काहीतरी त्यावर टाका.